उंटावरचा हात

“हात पुढं कर, राजा,” त्याची आई म्हणाली, आणि त्या अठ्ठावीस वर्षांच्या घोड्यानं भर हॉलमध्ये तळहात पुढं केला. आईनं डब्यातलं चमचाभर दही-साखर त्यावर ठेवलं. त्यानं ते चाटलं, रुमालाला हात पुसला आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर असा बसला, जणू खुर्चीवरच उपकार करतोय.

हा राजशेखर शेटगार. जिल्ह्यातला नावाजलेला बुद्धिबळपटू आणि माझा होणारा नवरा.

बार्शीच्या अन्नपूर्णा मंगल कार्यालयात जिल्हा स्पर्धेची शेवटची फेरी होती. लग्नसराई नसली की आमच्याकडं बुद्धिबळ मंगल कार्यालयातच खेळलं जाई. खुर्च्या भरपूर, भाडं कमी, आणि शांतता राखा म्हणून ओरडायला एक पंच. नवरा-नवरीच्या त्या लाल मखमली खुर्च्या कोपऱ्यात कापड घालून ठेवल्या होत्या. आमचे अप्पा सकाळपासून त्या खुर्च्यांकडं बघत होते. पटाकडं त्यांचं एकदाही लक्ष गेलं नव्हतं, आणि मला बुद्धिबळ शिकवलं ते याच माणसानं. पेंडीच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की पोत्यावर पट मांडून मला समोर बसवायचे.

राजशेखर मला बघायला आला तेव्हा पोह्याची बशी हातात घेऊन त्यानं पहिला प्रश्न विचारला, “सुरुवात कशी करता तुम्ही? ओपनिंग कोणतं?” मला बरं वाटलं. म्हटलं, चला, स्वयंपाक येतो का असं तरी नाही विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, “मी किंग्ज इंडियन. फक्त किंग्ज इंडियन. समोर कुणीही असो, काहीही खेळो, माझ्या पहिल्या सहा चाली ठरलेल्या. डोळे मिटून खेळतो.” मग पोहे संपेपर्यंत तो स्वतःचे डाव सांगत बसला. मी काय खेळते ते त्याला आजतागायत माहीत नाही.

जाताना चपला घालताघालता म्हणाला, “लग्नानंतर स्पर्धा वगैरे नकोत हं. घरात एक खेळाडू पुरे. संध्याकाळी माझ्याबरोबर खेळ की. तेवढीच प्रॅक्टिस होईल मला.”

मला! हिला नाही, मला. आणि अप्पा दात काढून हसले.

त्या रात्री मी घर डोक्यावर घेतलं. लग्न करीन, पण खेळ सोडणार नाही, म्हटलं. आई रडली, अप्पा चिडले, मग नेहमीसारखे मधला मार्ग काढायला बसले. मधला मार्ग काढण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. म्हणाले, “हे बघ निर्मला, यंदा जिल्ह्याच्या संघात आलीस, तर लग्न वर्षभर पुढं. तू नाशिकला राज्य स्पर्धेला जा, पुढचं पुढं बघू. नाही आलीस, तर वैशाखात बार उडवू आणि पुन्हा पटाचं नाव काढायचं नाही. शब्द देतेस का?”

मी शब्द दिला. त्यांनीही दिला. आपली मुलगी संघात येत नाही याची त्यांना खात्री होती, म्हणून दिला. जिल्ह्यात बायकांची वेगळी स्पर्धा भरवायला आधी बायका लागतात. होते मी एकटी, त्यामुळं पुरुषांतच खेळावं लागे.

आणि बघता बघता शेवटची फेरी आली. संघात चार जागा. तीन ठरल्या होत्या. चौथीसाठी उरलो आम्ही दोघं. तो माझ्यापुढं अर्ध्या गुणानं. त्याला बरोबरी पुरत होती, मला जिंकायलाच हवं होतं. आणि जोडी लागली आमचीच एकमेकांशी. हॉलमध्ये काय हशा पिकला म्हणून सांगू! कुणीतरी म्हणालं, “अक्षता आणा रे!” ती थट्टा अप्पांना इतकी आवडली, की त्यांनी ती चार जणांना पुन्हा सांगितली.

“ड्रॉ करून टाकू,” राजशेखर बसल्या बसल्या म्हणाला. “मला ड्रॉ पुरतो. तुला उगाच चार तास त्रास कशाला?”

“मला नाही पुरत.”

“अगं, संघात शेटगार गेला म्हणजे तूच गेल्यासारखी. आता काय ते आपलं एकच घर.”

“घर अजून झालेलं नाही,” मी म्हटलं आणि घड्याळ सुरू करायची वाट बघत बसले.

त्याच्या मागं, भिंतीला टेकून, त्याची आई बसली होती. शेटगारकाकू. मांडीवर डबा, पायाशी थर्मास. मला बघायला आले तेव्हाही ही बाई अशीच बसून होती, तोंडातून शब्द नाही. नवरा बोलला की मान हलवायची, मुलगा बोलला की मान हलवायची. मी तिला त्यांच्या सामानातच धरत होते.

माझी पांढरी होती. आमच्या जिल्ह्यात पांढरी घेतली की राजासमोरचं नाहीतर वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढं ढकलायचं, हे धर्मासारखं पाळत. मी दोन्हीला हात लावला नाही. वजिराच्या बाजूला जो घोडा असतो, त्याच्यापुढचं प्यादं उचललं आणि एकच घर पुढं ठेवलं.

राजशेखरनं पटाकडं एक नजर टाकली आणि तो मोठ्यानं हसला. “हे काय? प्यादं चालवतेस का पापड लाटतेस?”

आजूबाजूचे चार जण हसले. अप्पा तर अगदी खुर्ची ओढून जवळ येऊन बसले होते. राजशेखर त्यांच्याकडं वळला. “काय अप्पासाहेब, आमची मंडळी अशी सुरुवात करणार असतील तर संसाराचं काय व्हायचं?”

“शिकेल हो, राजशेखरराव, शिकेल,” अप्पा म्हणाले. “तुम्ही आहातच.”

उथळ पाण्याला खळखळाट फार. पण मला त्या खळखळाटाशी काही देणंघेणं नव्हतं. मी या माणसाचे डाव बघितले होते, अगदी बारकाईनं. त्याच्या पहिल्या सहा चाली खरोखरच ठरलेल्या असत. आधी राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर वर, मग त्या मोकळ्या झालेल्या खिडकीत उंट, मग घोडा, मग राजाचा किल्लेकोट. आणि या चाली खेळताना तो पटाकडं बघत नसे. लोकांकडं बघे. आपण किती झरझर खेळतो हे कोण कोण बघतंय, ते तो बघत असे. पाठांतरालाच बुद्धी समजणारी जी जात आहे ना, तिचा हा शिरोमणी.

तर त्यानं अप्पांकडं बघत बघतच ते प्यादं एक घर वर ढकललं आणि घड्याळ दाबलं.

मी माझा उंट बाहेर काढून त्या पापड लाटलेल्या प्याद्याच्या मागं ठेवला. आता ज्याला डोळे आहेत त्याला दिसलं असतं, की तिथून तिरकी रेघ सरळ पटाच्या दुसऱ्या टोकाला जाते. वाटेत एक सोंगटी नाही. त्या टोकाला त्याचा हत्ती उभा. त्याच्या शेजारची खिडकी त्यानं स्वतःच्या हातानं नुकतीच उघडली होती. घोडा बाहेर काढून वाट अडवायची, की झालं, काही बिघडत नाही. लहान पोरगंही ते करेल. फक्त पटाकडं बघायला हवं.

“हेच कार्यालय घेऊ,” राजशेखर अप्पांना सांगत होता. “स्टेज मोठं आहे. फक्त ही पडद्याची रंगसंगती बदलायला सांगा.” बोलता बोलता त्याचा उजवा हात पटावर आला, उंट उचलला, खिडकीत ठेवला. तोच हात मग वर गेला आणि हवेत गोल फिरला. “इथून असा फुलांचा झिरमिळ्यांचा पडदा. मध्ये आमची दोघांची नावं.”

अप्पा मान वर करून त्या नसलेल्या फुलांकडं बघायला लागले.

मी त्याचा उंट मारला.

खट असा आवाज झाला. तो वळला. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. उंट फुकट गेला होता आणि माझा उंट आता त्याच्या हत्तीच्या उरावर बसला होता. हत्तीला हलायला जागा नव्हती. दोन चालींत डाव संपला होता. त्याचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी भर मांडवात धोतर ओढलंय.

“ए, थांब,” तो म्हणाला. “ठेव तो परत.”

“का?”

“मी चाल केलीच नव्हती. उंट जरा वाकडा उभा होता, सरळ करत होतो. अ‍ॅडजस्ट म्हणालो मी.”

आता हा नियम सांगायला हवा. सोंगटीला हात लावला की ती चालवायची आणि हात सोडला की चाल झाली. नुसतीच नीट उभी करायची असेल, तर हात लावायच्या आधी ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणायचं. पण उंट सरळ करता करता पुढच्या तिरक्या घरात जाऊन बसला, हे मी तरी जन्मात ऐकलं नव्हतं. माणूस इतकं निर्लज्ज खोटं बोलू शकतो याचंच मला हसू आलं.

“काय हसतेस? सर! धोत्रे सर!”

पंच धोत्रे सर आले. हे शाळेत कबड्डी शिकवत, गळ्यात शिट्टी घालूनच बुद्धिबळाला येत. राजशेखरच्या बापाबरोबर रोज संध्याकाळी गप्पांना बसत, ते वेगळंच. दोघांचं ऐकून घेतलं आणि घसा साफ करून म्हणाले, “आता हिचं एक म्हणणं, त्याचं एक. कुणी बघितलं का?”

शेजारच्या पटांवरचे आपापल्या डावात मान खुपसून बसले होते. चाल झाली तेव्हा आमच्या पटाशी बसलेला आणि राजशेखरशी बोलत असलेला माणूस एकच होता.

“अप्पासाहेब,” धोत्रे सर म्हणाले, “तुम्ही इथंच होता. हे अ‍ॅडजस्ट म्हणाले का? उंट ठेवून हात सोडला होता का?”

मी अप्पांकडं बघितलं. राजशेखरही बघत होता, पण त्याची नजर निवांत होती. सासऱ्याला आधीच खिशात घातलेल्या जावयाची नजर. मला मात्र वाटलं, आता अप्पा बोलतील. पोत्यावर पट मांडून याच माणसानं मला सांगितलं होतं, की हात सोडला की देवाला सुद्धा चाल परत मागायची नाही. मी रडायचे, नाक पुसायचे, पण त्यांनी एकदाही परत दिली नव्हती.

अप्पांनी टोपी काढली. टोपीच्या आत काहीतरी असल्यासारखं तिथं बघितलं. पुन्हा घातली.

“माझं... माझं लक्ष नव्हतं,” ते म्हणाले.

“अप्पा!”

“अगं, खरंच नव्हतं. आम्ही त्या फुलांचं बोलत होतो.” मग पंचांकडं वळून, हसून, “पोरगी घाईची आहे हो. होतं असं. द्या परत, त्यात काय. घरातलीच गोष्ट आहे.”

घरातलीच गोष्ट! माझ्या डोळ्यांपुढं वैशाख उभा राहिला. मला चीड आली ती राजशेखरची नाही. तो काय, फुकटचा नागोबा, सापडेल त्या बिळावर फणा काढणारच. चीड आली ती या टोपीवाल्याची. खोटं सुद्धा धडपणे बोलता येईना. ‘हो, म्हणाले अ‍ॅडजस्ट’ असं छातीवर हात ठेवून म्हणाले असते, तर निदान एका बाजूला उभे तरी राहिले असते. मधला मार्ग!

“ठीक आहे,” धोत्रे सर म्हणाले, “साक्षीदार नाही, तर उंट परत जागेवर—”

“सोडला होता.”

आवाज कुठून आला ते कुणाला कळेना. मी वळून बघितलं तर शेटगारकाकू. बसल्या जागेवरून, डबा मांडीवर तसाच.

“काय म्हणालात, काकू?” धोत्रे सरांनी विचारलं.

“त्यानं सोडला होता. ठेवला आणि हात वर केला. अ‍ॅडजस्ट का फिडजस्ट, काही म्हणाला नाही. पडद्याबद्दल बोलत होता.”

“आई, तुला काय कळतंय त्यातलं? तू गप्प बस,” राजशेखर खेकसला.

“मला उंट-घोडे कळत नाहीत,” बाई शांतपणे म्हणाली. “हात कळतो. सोडला होतास.”

“आई!”

“ओरडू नकोस. तुझे वडील असंच करत आले. केलेलं केलं नाही म्हणायचं, बोललेलं बोललो नाही म्हणायचं, आणि वर माझ्याकडं बघायचं. आणि मी तीस वर्षं म्हणत आले, माझं लक्ष नव्हतं.” ती हे सांगत होती मुलाला, पण बघत होती अप्पांकडं. “घरात तसा एक आहे. पुष्कळ झाला.”

धोत्रे सरांनी सवयीनं शिट्टी तोंडाशी नेली, मग लक्षात आल्यावर खाली सोडली. साक्षीदार मागितला त्यांनीच होता, मिळालाही होता, आणि तोही त्याची सख्खी आई. काय करतात?

“चाल कायम,” ते पुटपुटले.

नंतरच्या खेळाला खेळ म्हणायची लाज वाटते. माणसानं हात मिळवून उठावं की नाही? छे. एक उंट आणि एक हत्ती गेलेला हा शूरवीर, घड्याळातला वेळ संपत येईपर्यंत बसून राहिला. एकेक प्यादं गोंजारत. पाय हलवत. मी कंटाळून चुकेन या आशेवर. ज्याला दोन चाली बघून खेळायला सवड नव्हती, त्याला आता एकेका चालीला अर्धा अर्धा तास लागत होता. शेवटी त्याचा राजा एकटा कोपऱ्यात सापडला, तेव्हा त्यानं घड्याळ बंद केलं आणि माझ्याकडं न बघता निघून गेला. मी पुढं केलेला हात तसाच राहिला. बरंच झालं, त्याचा हात दह्याचा होता.

धोत्रे सरांनी माझं नाव फळ्यावर चौथं लिहिलं. टाळ्या वाजल्या, थोड्या. अप्पा हॉलमध्ये दिसले नाहीत.

मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले, तर शेटगारकाकू नळावर थर्मास विसळत होत्या. आभार मानावेत तर मुलाला हरवलेलं, आणि न मानावेत तर कुठल्या तोंडानं?

“काकू, तुम्ही—”

“परवा निरोप येईल,” त्या म्हणाल्या. “पत्रिका जुळत नाही म्हणून. मनाला लावून घेऊ नकोस.”

“पत्रिका तर जुळली होती ना?”

“छान जुळली होती. मीच गुरुजींकडं घेऊन गेले होते.” त्यांनी थर्मास झटकला, झाकण लावलं. “तुझ्याकडून नकार आला, तर गाव तुझ्या नावानं खडे फोडेल. हरला म्हणून त्यानं सोडली म्हणाले, तर तुला आयुष्यभर पुरेल. ग्रहांना कुणी काही म्हणत नाही.”

“आणि घरी? तुम्हाला काय म्हणतील?”

“म्हणतील ते म्हणतील. मला काय नवीन आहे?” त्या पायऱ्या चढायला लागल्या आणि अर्ध्यात थांबल्या. “नाशिकला गार असतं. स्वेटर ने.”

बास. एवढंच. नंतर त्या बाईची माझी कधी भेट झाली नाही. ती घरी परत गेली त्या दोघांकडं, आणि तिथं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारायला गेले नाही. विचारायला हवं होतं का? असेल. पण तेव्हा मला माझ्याच घरचं पुरेसं झालं होतं.

अप्पा फाटकापाशी लुना घेऊन उभे होते. मी आले तशी त्यांनी घाईघाईनं सीट पुसली, जी आधीच पुसलेली होती.

“जिंकलीस म्हणे,” ते म्हणाले.

“हो.”

“बरं झालं. मला आनंदच आहे.” मग किल्ली फिरवत, माझ्याकडं न बघता, “हे बघ बाळ, तू रागावली असशील. पण बापाला सगळ्या बाजूंनी बघावं लागतं. स्थळ चांगलं होतं. मी जे केलं ते तुझ्या भल्यासाठीच—”

“तुम्ही काहीच केलं नाहीत, अप्पा,” मी म्हटलं.

अप्पांनी मान वर केली. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला, कपाळावरच्या आठ्या गेल्या, आणि ते चक्क हसले. मला वाटलं, माझ्या बोलण्यातलं विष त्यांना कळलं नसेल असं होणंच शक्य नाही. पण नव्हतंच कळलं. किंवा कळून त्यांनी त्यातूनही मधला मार्ग काढला.

“तेच तर म्हणतोय मी,” ते म्हणाले. “मी कुठं काय केलं? चल, बस. आई वाट बघत असेल.”

मी बसले. वाटेत ते नाशिकच्या गाडीचं, पांघरुणाचं, तिथल्या कुठल्याशा नातेवाइकाचं बोलत राहिले. तिसऱ्या दिवशी निरोप आला तेव्हा त्यांनी ग्रहांना यथेच्छ शिव्या घातल्या, आणि पुढं दोन वर्षांनी माझं दुसरीकडं लग्न होईपर्यंत ज्याला त्याला तेच सांगत राहिले. मी नाशिकला खेळले, नंतरही खूप खेळले. अप्पा दर रविवारी दुकानात पट मांडून मला हाका मारत. मी गेले नाही. त्या दिवसानंतर अप्पांबरोबर मी एकही डाव खेळले नाही, आणि ते जाईपर्यंत ‘का’ म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही.